आप्पांच्या माळावरचं शून्य

आमच्या खात्यात दोन गोष्टी साठत जातात. फायली आणि किस्से. फायलींना वाळवी लागते, किस्स्यांना लागत नाही, हीच पंचाईत! कंधार भागातल्या उघड्या माळांवर झाडं लावण्यात माझी सारी नोकरी गेली. त्यातली जगली किती ते विचारू नका, किस्से विचारा. रोपवाटिकेच्या पत्र्याच्या शेडमध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "भाऊसाहेब, ते पिशवीचं सांगा." लोक हसतात. मीही हसतो. हल्ली जरा उशिरा, ते सोडा.

*

तर पिशवीचं. एका माळावर कडुलिंबाची रोपं लावायची होती. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. दुष्काळावर झाड हाच इलाज, असं माइकवर सांगून त्यांनी पहिलं रोप खड्ड्यात ठेवलं. फोटोच्या गडबडीत रोपाची काळी प्लास्टिकची पिशवी काढायची राहिली. आमच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. पाहुण्यांना कोण शिकवणार!

गाड्या गेल्या, आम्ही जेवायला गेलो. येऊन बघतो तर मजुरांनी अख्खा माळ लावून टाकलेला. सगळी रोपं पिशवीसकट!

मी मुकादमबाईवर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "मोठ्या सायबांनी तसंच लावलं की ओ. आमाला वाटलं, नवी पद्धत आली!"

माळाचे चौकीदार होते मन्मथ आप्पा. दुसऱ्या दिवसापासून ते एकटेच एकेक रोप उकरून पिशव्या काढत बसले. चार दिवस! मी म्हटलं, "आप्पा, कशाला जीव काढता? फोटो गेला वर."

"फोटोला मुळ्या नसत्यात, भाऊसाहेब."

*

याच आप्पांना मी एकदा लातूरला वर्कशॉपला नेलं. विषय होता, बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं. एसी हॉल, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. शिकवायला आलेल्या मॅडमनी आप्पांनाच माइक दिला. "काका, उष्णता वाढलीय असं तुम्हाला जाणवतं का?"

"हितं बसल्यावर न्हाई जाणवत!"

हॉल हसला. मॅडम चांगल्या होत्या, त्याही हसल्या. मग विचारलं, "तुम्ही जुळवून कसं घेता?"

"आमी कशाला, झाडालाच शिकवतो. पयल्या उन्हाळ्यात पाणी, दुसऱ्यात अर्धं, तिसऱ्यात न्हाई. जे तगंल त्याचं बी धरायचं."

मॅडमनी लिहून घेतलं आणि पुढची स्लाइड लावली. जेवणानंतर आप्पा दिसेनात. शोधलं तर टेबलांवरच्या अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या पोत्यात भरत होते. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "म्हातारबा, पोत्यात काय हाय?"

"वर्कशॉप!"

*

आप्पांच्या माळाला विहीर नव्हती, बोअर नव्हता. त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, माठ गळायला लागला की टाकू नका, मला द्या. तो गळका माठ ते रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचे, पाणी भरायचे, वर सपाट दगड. थेंबथेंब मुळाला. एकदा एका सूनबाईनं मोठ्या मनानं कोरा माठ आणून दिला. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी परत नेऊन दिला. म्हणाले, "न्हाई चालत बाई, गळत न्हाई."

तीन वर्षांनी नियमाप्रमाणे चौकीदारी संपली. आदेश मीच नेऊन दिला. आप्पा तरी रोज माळावर! बायको वारलेली, पोरं पुण्याला कंपनीत. या झाडांपलीकडं त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "आप्पा, ड्यूटी संपली."

"माझी संपली. त्यांची कुठं संपली?"

लिंब मोठे झाले, त्यांना निंबोळ्या लागल्या. दर मृगाला आप्पा निंबोळ्यांचं पोतं घेऊन रोपवाटिकेत हजर. "हे बी येगळं ठेवा. उन्हात शिकलेलं हाय." आम्ही खरंच त्याचा वेगळा वाफा केला. रोपवाटिकेतल्या पोरींनी पत्र्याच्या पाटीवर ऑइलपेंटनं लिहिलं, 'आप्पाचं बी'.

*

मग ते भयंकर दुष्काळाचं साल आलं. कुठल्या माळावर किती झाडं जिवंत, याचा अहवाल मागवला गेला. बहुतेक माळ खरोखर वाळून गेले होते. साहेब म्हणाले, "सरसकट शून्य टाका."

मी म्हटलं, "सर, मन्मथ आप्पांचा माळ हिरवा आहे."

"म्हणून तर! तिथली जगली दाखवली, तर बाकीची का मेली ते कोण सांगणार? तुम्ही?"

पंख्याखाली बसून मी सगळ्या माळांपुढं शून्य घातलं. आप्पांच्या माळापुढंही. खाली सही केली. माझ्या अक्षराचं खात्यात कौतुक होतं, शून्यसुद्धा गोल आलं. साहेबांची पुढं बदली झाली. शून्याची झाली नाही.

*

आणि हा शेवटचा. हा मी शेडमध्ये सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात नवी योजना आली. उष्णता सोसणारी रोपं रिकाम्या माळांवर लावायची. यादीत आप्पांचा माळ पहिला! मी नव्या साहेबांबरोबर जीपनं गेलो, मागं जेसीबी. आप्पा झाडांपुढं उभे. "सायेब, रिकामा कुठं हाय? झाडं हायत की!"

साहेबांनी झाडांकडं पाहिलं, मग हातातल्या त्या जुन्या अहवालाकडं. "रेकॉर्डला इथं एकही झाड नाही. म्हणजे हे अतिक्रमण आहे."

"कुणाचं?"

"झाडांचं!"

आप्पांनी कागद मागून घेतला. खालच्या सहीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझी सही ते ओळखत होते, त्यांच्या चौकीदारीच्या आदेशावरही तीच होती. मी एक शब्द बोललो असतो तर बहुधा ते थांबलं असतं. पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. मी बोललो नाही.

दुपारपर्यंत माळ साफ झाला. झाडं पडताना फारसा आवाज होत नाही. माठ फुटल्याचा येतो.

पाऊस पडल्यावर रोपांचा ट्रक आला. अनुभवी माणूस म्हणून चौकीदारीला पुन्हा आप्पांनाच घेतलं होतं. फाळका उघडला. रोपांबरोबर वाफ्यावरची पाटीही कुणीतरी टाकली होती. 'आप्पाचं बी'. आप्पांनी ती उचलली, पंच्यानं पुसली आणि बाजूला ठेवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

त्यांनी एक रोप काढून माझ्या हातात दिलं. "पयलं तुमी लावा, भाऊसाहेब."

मी खाली बसलो. रोप खड्ड्यात ठेवलं, दोन्ही हातांनी भराभरा माती ओढली, दाबली. वर बघायचं धाडस होत नव्हतं.

"भाऊसाहेब," आप्पा म्हणाले, "पिशवी काढायची राहिली."