बायकी गाठ

ती केस मी विसरलेले नाही, कारण तिच्यात चूक माझीच होती.

भूकंपाला वर्ष होऊन गेलं होतं. लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं आणि बाहेरगावच्या पोरांसाठी होस्टेलं उभी राहत होती. मी तिथल्या पोलीस ठाण्यात हवालदार होते. एका बांधकामावरचा मुकादम तक्रार घेऊन आला. आदल्या दिवशी भरदुपारी कोणीतरी त्याला सिमेंटच्या खोलीत कोंडून बाहेरून कडीला दोरी बांधली होती. संशय एका मजूर बाईवर. निलंग्याकडची, नवरा भूकंपात गेलेला, पोर नंतर जन्मलेली.

कारणही त्यानेच सांगितलं. बायका कडुलिंबाला झोळ्या बांधून लेकरं निजवत. छताखाली लेकरू ठेवायला तिकडची माणसं तेव्हा धजत नव्हती. कामाचा खोळंबा होतो म्हणून याने झोळ्या कापून टाकल्या.

मी जागेचा पंचनामा केला. सोडवणाऱ्याने दोरी मधेच कापली होती, गाठ शाबूत होती. वजन पडलं की आवळणारी, एक टोक ओढलं की सुटणारी. अशाच गाठीवर मी माझी दोन पोरं निजवली. लिहून टाकलं, 'गाठ बायकी, झोळीची.' साहेबांना म्हणाले, "काम बाईचंच आहे."

बाईला ठाण्यात आणलं. अटक झाली असती तर अंगावरची पोर तिच्याबरोबर कोठडीत आणि काम कायमचं गेलं असतं. दटावून विचारलं, तरी ती पोरीला थोपटतच राहिली.

तासाभरात कामावरचे गवंडी ठाण्यात आले. म्हातारा मिस्त्री पुढे होता.

"तिला सोडा. गाठ म्या बांधली."

बाकावरून बाई म्हणाली, "सकाळी सिमिटाचा माल पातळ केला म्हणून शिव्या दिल्या ह्यानं. आता आलाय."

"पातळ केलताच," मिस्त्री म्हणाला.

मी त्याच्यापुढे दोरी टाकली. "बांधून दाखव." पुरुषाला ती गाठ येणार नाही, अशी माझी खात्री होती. त्याने खिडकीच्या गजाला ती न बघता बांधली. मागच्या चौघांनीही बांधली. अगदी तीच.

"कुठं शिकलात?"

"बायांचे हात मालात असत्यात. पोर रडली की जो मोकळा त्यानं निजवायची. ह्यांनीच शिकवलं. माझी गाठ पयल्यांदा ढिली पडली, तवा हिनं माझी धोतरासकट लाज काढली."

साहेबांनी मुकादमाला विचारलं, "कोणाला आत घालू? सगळ्यांना घातलं तर उद्या विटा तू लावणार का?" संध्याकाळपर्यंत त्याने तक्रार मागे घेतली. झोळ्या पुन्हा लिंबाला लागल्या.

बाई ठाण्यातून निघताना मी तिला बाजूला घेतलं. "आता तरी सांग, कोणी बांधली?"

"झोळी कुणी बांधली हे आमच्यात इचारत न्हाईत, बाई. लेकरू निजलं म्हंजे झालं."

ही माणसं काही साधू नव्हती. दुसऱ्या दिवशी मालावरून पुन्हा भांडलीच असतील. पण मी हातांवरून माणूस ओळखते अशी माझी ऐट होती. बाईचं काम कोणतं, बाप्याचं कोणतं, हे मी ठरवून ठेवलं होतं. त्या बांधकामावर ते कधीच मोडीत निघालं होतं.

कागद बंद करण्याआधी पंचांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर एक शब्द खोडला. 'गाठ झोळीची' एवढंच ठेवलं. पंचनाम्यात खाडाखोड केली की शेजारी सही लागते. ती केली.