शिंगांसारखे हात

आज दूध तळाला लागलं आणि त्या वासाबरोबर आखातातल्या अजमानमधली खोली आठवली. तिथे आम्ही साफसफाईच्या कामावरच्या बायका एकत्र राहायचो. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिथेही माझं दूध करपलं. "खलास, ओतून टाक आता," एकजण हसून म्हणाली. पण आमच्यातली रवांडाची एक अबोल बाई उठून आली. "फेको मत, दीदी," म्हणत तिने ते दूध कपात ओतलं, कप दोन्ही हातांत धरून वास घेतला आणि मोडक्या हिंदीत सांगू लागली. तिचे लोक तुत्सी जमातीचे, गाईंवर जीव टाकणारे. डोंगरातल्या घरी आई दुधाची भांडी गवताच्या धुरावर धरायची, दुधाला असाच वास यायचा. तिथल्या नरसंहारात तुत्सी म्हणून घरच्यांना मारून टाकलं, तेव्हा या लहानगीला मावशीने पाठीवर घेऊन सीमेपार नेलं. आईचा चेहरा आता आठवत नाही, म्हणाली, फक्त तिचा गाईंचा नाच आठवतो. तिने दोन्ही हात लांब शिंगांसारखे उचलले आणि गाईसारखी संथ चालू लागली. मला खिडकीबाहेरच्या वाळूत हिरवे डोंगर दिसू लागले. मी लाजरी, लग्नातसुद्धा कधी नाचले नाही. पण तिला एकटीला नाचताना बघवेना, म्हणून मीही हात वर केले. "कोहनी और ऊपर, दीदी. माँ ऐसे करती थी." पुढे ती मायदेशी गेली. घरात कुणी नसलं की मी अजूनही कधीतरी हात वर करते, आणि कोपर जरा आणखी उचलते.