भांड्याखालचं नाव

नेस्टर पालमारेसच्या स्वयंपाकघरात तेव्हा जेवढी मोठी भांडी होती, त्यांतलं एकही त्याचं नव्हतं. ओव्हनच्या वरच्या फळीवर काचेची, पत्र्याची, एखादं कोपरा उडालेलं चिनीमातीचं, अशी चळत लागलेली असे. कुठलंही उलटं करून बघा, तळाला कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर निळ्या पेनने कुणाचं तरी आडनाव. थोर्वाल्डसन. प्रोकोपचुक. मॅकफी. आमच्या हॅल्डेनमध्ये बाळंतपण असो, मयत असो, की चर्चच्या तळघरातलं सुगीचं जेवण असो, भांडं घराबाहेर पडतं ते तळाला नाव लावूनच.

ही भांडी त्याच्याकडे भरून आली होती आणि तिथेच त्याची पंचाईत होती. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे त्याच्या आईने त्याला फिलिपिन्समधल्या एस्तान्सिया गावी लहानपणीच शिकवलेलं. मग बर्निस थोर्वाल्डसनच्या भांड्यातून सफरचंदाचा केक आला की त्याच भांड्यातून कोंबडी घातलेल्या शेवया परत जायच्या. बर्निसही काही कुणाचं ठेवून घेणारी नव्हे, ती त्यात डुकराच्या मांसाचे गोळे भरून पाठवायची. एकेक भांडं असं दोन घरांमध्ये अख्खा हिवाळा येरझाऱ्या घाली. डोरीन प्रोकोपचुक म्हणायची, "त्याला काही देऊ नका गं. आपण देतो उगीच, आणि तो बिचारा दिवसभर राबून रात्री आपल्यासाठी रांधत बसतो."

दुकानात भांड्यांच्या रांगेसमोर तो एकदोनदा उभा राहिला होता. पण भांडं घेतलं की तळाला नाव लावावं लागणार, आणि इथे राहायचं पक्कं झाल्याशिवाय नाव लावायचं कसं? कागद येऊ दे, मग घेऊ, असं म्हणून तो पाव आणि अंडी घेऊन घरी यायचा.

कागद म्हणजे कायमच्या रहिवासाचा. मोठ्या शहरांना माणसं आपोआप मिळतात, आमच्यासारख्या गावांना ती मागून घ्यावी लागतात. म्हणून आमचा मॅनिटोबा प्रांत आपल्याला हव्या असलेल्या कारागिरांची नावं स्वतःच ओटावाच्या सरकारला सुचवतो. हा माणूस आमच्या कामाचा आहे, याला आमच्याकडेच राहायचंय, राहू द्या. नेस्टरचं नाव प्रांताने सुचवलं होतं. ओटावाने हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं, आणि तोवर ज्या नोकरीच्या जोरावर नाव पुढे गेलं ती नोकरी टिकायला हवी होती. नोकरी गेली तर नाव मागे. नाव मागे गेलं तर नेस्टरही परत मागे, आणि त्याची बायको मेरिसेल आणि लेक जोवी यांचं इथे येणं कायमचं राहिलं.

नोकरी डोरीनच्या नवऱ्याकडे, ओरेस्ट प्रोकोपचुककडे होती. गोठ्यांमधल्या दुधाच्या टाक्या थंड ठेवायची यंत्रं, किराणा दुकानातले फ्रीजर, कर्लिंग या खेळाच्या बर्फाची यंत्रणा, हे सगळं गेली कित्येक वर्षं ओरेस्टच दुरुस्त करायचा. त्याची पोरगी दूर केलोनाला संसारात, आणि गावातल्या कुणाच्याही पोराला फ्रीजच्या मागे डोकं खुपसण्यात रस नाही. एस्तान्सियाच्या मासळी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात वाढलेला नेस्टर त्याला मिळाला तेव्हा म्हातारा गावभर सांगत सुटला होता, "बर्फ बनवणारा माणूस मी उन्हाच्या देशातून आणलाय. हसा लेको, हसा."

नेस्टरला कुणालाही नाही म्हणता येत नसे. हा गुण की दोष, यावर आमच्यात अजून एकमत नाही. कॉफी नको असली तरी प्यायचा. लॉर्न मॅकफीचा गोठा बंद पडला तेव्हा लॉर्नने दिलेले दोन जुने कोट, दोन्ही त्याला गुडघ्याच्या खाली येणारे, तो आलटून पालटून घालायचा. आणि कधी कुणापाशी काही मागायचा नाही. म्हणून ओरेस्टच्या दुकानातली कामं कमी होत चालली, म्हातारा ट्रकमधून उतरताना दाराला धरून उभा राहू लागला, तेव्हाही त्याने विचारलं काहीच नाही. फक्त जड सिलिंडर आपणच उचलायला लागला.

त्या वर्षीच्या सुगीच्या जेवणानंतरच्या आठवड्यात तो डोरीनकडे तिचं काचेचं भांडं द्यायला गेला. भांड्यात अंड्याचं आणि दुधाचं गोड घट्ट केलेलं, वर साखरेचा तपकिरी पाक.

"आलास का पुन्हा भरून घेऊन! बस," डोरीन म्हणाली. "तो झोपलाय. कंबरेने रात्रभर छळलं त्याला."

"डॉक्टर काय म्हणाले, मॅम डोरीन?"

"डॉक्टर वर्षभर तेच म्हणतोय. कंबरेचा सांधा कापा आणि नवा बसवा. पण याला आधी दुकान सोडायला नको का? विनिपेगचा माणूस दोनदा येऊन गेला, म्हणाला गाड्या आणि गिऱ्हाइकं घेतो, दुकानाला कुलूप लावतो. केलोनाला पोरीने आमची खोली रंगवूनसुद्धा ठेवली. पण हा म्हणतो, नेस्टरचा कागद आला की मग..." आणि ती थांबली. तिने भांड्यावरचं झाकण उचललं आणि परत ठेवलं. "हे मी बोलले नाही. कळलं?"

नेस्टरने भुवया उंचावल्या, म्हणजे हो म्हटलं. त्याच्या कानशिलांपर्यंत आग चढली होती. वर्षभर तो म्हाताऱ्याच्या दुखऱ्या कंबरेवर बसून होता आणि त्याला पत्ताच नव्हता. भांडं टेबलावर तसंच ठेवून तो निघाला. डोरीन मागून हाका मारत राहिली की अरे, कॉफी तरी पिऊन जा. कॉफीला नाही म्हणायची ती त्याची पहिली वेळ.

मेरिसेलला त्याने सगळं सांगितलं तेव्हा तिकडे सकाळ होती. जोवी मागे दप्तर भरत होती, पुढचा दात पडलेला, आणि ती मध्येच फोनसमोर येऊन तोंड वासून दाखवून गेली.

"म्हणजे तू त्याला दुकान विकून टाका म्हणून सांगणार," मेरिसेल म्हणाली.

"विचारतोय तुला."

"विचारत नाहीस, नेस. तुझं ठरलंय, तोंड बघ आरशात. जगात कुणाला नाही म्हणत नाहीस, आम्हाला नाही म्हणायला बरं जमतं."

तिने जोवीच्या केसांना रबर लावलं, तिला दाराबाहेर काढलं, परत आली. डोळे लाल होते.

"पोरीला मी काय सांगू ते माझं मी बघते. तू जा त्या म्हाताऱ्याकडे. दुसऱ्याच्या मोडक्या कंबरेवर बसून विमानात चढायचं असेल तर मला नाही यायचं."

दुसऱ्या दिवशी कर्लिंग क्लबात बर्फ घालायचा होता. त्या बर्फावर सगळं गाव हिवाळाभर दगड सरकवतं, झाडूने त्यांच्यापुढची वाट घासतं आणि त्यावरून भांडतं. हा बर्फ एकदम ओतून चालत नाही. पाण्याचा पातळ हात मारायचा, तो धरला की पुढचा. घाई केली की तडा. ओरेस्ट कठड्याला टेकून पाण्याची नळी पुढे सोडत होता, नेस्टर पुढे पाणी मारत होता. क्लबची अध्यक्ष बर्निस रबरी बुटांत एका टोकाला उभी होती. तीच गावच्या सहकारी किराणा भांडाराची मॅनेजर, आणि दोन्हीकडे तिचा आवाज एकच, लांबून ऐकू येणारा.

"बॉस," नेस्टर पाठमोराच म्हणाला, "दुकान विकून टाका."

मागून येणारी नळी थांबली.

"डोरीन बोलली," ओरेस्ट म्हणाला. "त्या बाईच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. पाणी मार तू."

"तुम्ही कंबरेचं करून घ्या. केलोनाला जा. माझं मी बघेन."

"काय बघशील? परत जाऊन मासळीवर बर्फ फोडशील? मी प्रांताला सांगितलंय, या माणसाला माझ्याकडे काम आहे. सांगितलंय म्हणजे आहे. आणि कंबर माझी आहे, तिचं काय करायचं ते मी ठरवीन."

"मग सोमवारपासून मी येत नाही."

म्हाताऱ्याने कानावरची टोपी वर केली. "काय म्हणालास?"

"येत नाही. राजीनामा."

"राजीनामा! याला कॉफी नको म्हणता येत नाही, आणि हा राजीनामा देतोय!" ओरेस्ट हसायला लागला, हसता हसता त्याची कंबर धरली आणि तो शिव्या देत खालच्या बाकावर बसला. नेस्टर पाण्याची नळी टाकून धावला. वाकून त्याला आधार देताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुमचे उपकार मी कुठे फेडू, बॉस? सांगा ना, कुठे?"

"उपकार कसले आलेत, गाढवा. तू येण्याआधी तीन वर्षं मी या बर्फावर एकटा रडत होतो."

दोघांचेही डोळे पाणावलेले, आणि दोघंही दुसरीकडे बघत. तेवढ्यात त्या टोकाकडून बर्निसचा आवाज आला.

"झालं का तुमचं लग्न लागून? नळी सुरू आहे, माझ्या बर्फाला डबकं पडतंय!"

ती रबरी बूट वाजवत आली, नळी बंद केली आणि दोघांसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"एक मरेन पण दुकान सोडणार नाही म्हणतो, दुसरा उपाशी जाईन पण राहणार नाही म्हणतो. गावातल्या कुणाला विचारायचं सुचलं का दोघांना? माझ्या भांडारात बारा फ्रीजर आहेत. यानंतर ते बिघडले तर मी विनिपेगच्या माणसाची वाट बघत आइस्क्रीमचं सूप विकू?"

"तू दुकान घेशील?" ओरेस्टने विचारलं.

"मी कुठली घेते. भांडार घेईल. सभासदांची सभा बोलावते. दुकान, हत्यारं आणि हा नाही म्हणणारा माणूस, सगळं एकत्र. पूर्ण वेळची पक्की नोकरी, हेच काम. आणि प्रांताला आपणच आधी कळवायचं. लपवाछपवी नको."

सभेत हात वर करायला सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी लॉर्न मॅकफीचा हात वर गेला, ज्याच्या गोठ्यात आता थंड करायला दूधही नव्हतं. नेस्टर मागच्या भिंतीशी त्याच्याच लांब कोटात उभा होता. त्याला त्या हातांकडे बघवेना, तो बुटांकडे बघत राहिला.

म्हणजे लगेच सगळं मिटलं असं नाही. मालक बदलला की कामाचा परवाना बदलतो, आणि प्रांतालाही नव्याने तपासायचं असतं. कागद गेले, प्रश्न आले, उत्तरं गेली. नवा परवाना हाती येईपर्यंत नेस्टरला ओरेस्टकडेच काम करता येत होतं, तोवर दुकान उघडं राहायला हवं होतं, म्हणून ओरेस्ट काठी टेकत रोज येऊन खुर्चीत बसायचा आणि नेस्टरला पाना कसा धरायचा ते उगीचच शिकवायचा. मेरिसेल फोनवर आता कागदाचं विचारत नसे, थंडी किती आहे ते विचारायची. नेस्टर घरी आला की आधी टपाल बघायचा आणि मग कोट काढायचा. बर्फ वितळायच्या सुमाराला परवाना आला आणि प्रांतानेही कळवलं की नाव कायम आहे. त्या दिवशी त्याने चार घरची चार भांडी भरून परत केली आणि संध्याकाळपर्यंत पाच परत आली. ओरेस्टने कंबर करून घेतली, नव्या कंबरेने दोन पावलं नाचून दाखवली, आणि डोरीनला घेऊन तो केलोनाला गेला. जाताना डोरीनचं काचेचं भांडं नेस्टरकडेच होतं. "असू दे," ती म्हणाली, "सुगीच्या जेवणाला आम्ही येणारच आहोत. तेव्हा आण."

उन्हाळा सरता सरता ओटावाचा होकार आला. नेस्टरने तो पहिल्यांदा दुकानात वाचला, मग ट्रकमध्ये बसून परत वाचला. मग त्याने केलोनाला फोन लावला, पण त्याला बोलताच येईना. पलीकडून ओरेस्ट ओरडत राहिला, "कोण आहे? कोण रडतंय? नेस्टर, लेका, कॉम्प्रेसर जळाला का?"

मेरिसेल आणि जोवी ऑक्टोबरमध्ये पोचल्या. विमानतळावर जोवीने बापाच्या गुडघ्याखाली येणाऱ्या कोटात तोंड खुपसलं ते बाहेर काढलंच नाही. तिचा पडलेला दात आता पुरता उगवला होता.

त्याच आठवड्यात चर्चच्या तळघरात सुगीचं जेवण होतं. टर्की, बीट, बटाट्याच्या करंज्या, आणि टेबलाच्या टोकाला मेरिसेलच्या शेवया, डोरीनच्या काचेच्या भांड्यात. ओरेस्ट काठीशिवाय आला होता आणि प्रत्येकाला ते दाखवून झालं होतं. डोरीनने मेरिसेलला मिठी मारली आणि सोडेचना.

जेवणं झाली, भांडी धुऊन झाली. मग दरवर्षीसारखी बर्निस मोरीच्या दारात उभी राहिली, एकेक भांडं उलटं करून तळाचं नाव पुकारू लागली. ज्याचं त्याने उठून न्यायचं. मागची दोन्ही वर्षं नेस्टर अशा वेळी उभाच असायचा, म्हाताऱ्या बायकांची भांडी त्यांच्या गाड्यांपर्यंत पोचवायला. आजही तो उठून भिंतीशी तयार होता.

"मॅकफी! थोर्वाल्डसन, म्हणजे मीच! मॅकफी, अजून एक!" बर्निसने काचेचं भांडं उलटं केलं. "पालमारेस!"

कुणी पुढे आलं नाही. नेस्टर इकडे तिकडे बघत होता, कुणाचं पोचवायचं म्हणून.

"पालमारेस! कानात बर्फ गेला का रे? ने तुझं भांडं!"

तळघरातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. डोरीन मात्र रुमालाने टेबल पुसत होती, स्वच्छ असलेलं टेबल. जोवीने बापाची बाही ओढली. "पा, आपलं नाव घेतायत."

तो गेला. जुनी पट्टी काढून तिथे नवी लावलेली, डोरीनच्या थरथरत्या अक्षरांतली. भांडं घेताना त्याने ते सवयीने आतून बघितलं. धुतलेल्या भांड्यात बर्निसने बटाट्याच्या चार करंज्या ठेवल्या होत्या.

"रिकामं देऊ होय?" ती म्हणाली. "जा घरी आता."