दोन्ही कानशिलं

"हेल्मेट काढ की जरा."

सकाळी कामावर निघताना हे वाक्य मला कधी चुकलं नाही. शेजारच्या आक्का उंबऱ्यावरून उठून स्कूटरला आडव्या यायच्या, दोन्ही तळवे माझ्या गालांवरून फिरवायच्या आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायच्या. कडाकडा. झाली माझी दृष्ट काढून. मी पन्नाशीचा, डोक्यावर केस नावाला. मला कोण दृष्ट लावणार? पण आक्कांना हे सांगणार कोण!

नुसत्या माणसांचीच नव्हे, नव्या रिक्षाचीही त्या अलाबला घ्यायच्या. चार-पाच दिवसांनी पाणी सुटलं की नळाचीसुद्धा. "पान्याला बी नजर लागती बाबा," म्हणायच्या. सोलापुरात राहणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही.

एकदा गल्लीत आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. मेंदूचा झटका कसा ओळखायचा ते सांगत होत्या. तोंड एकीकडे ओढलं जातं, एक हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं. असं दिसलं की घरात वाट बघत बसायचं नाही, थेट मोठा दवाखाना गाठायचा. त्यांनी सगळ्यांना दोन्ही हात वर करायला लावले. आक्का म्हणाल्या, "म्या काय चोरी केलीया व्हय?" सगळे खो खो हसले आणि ते शिकणं तिथंच राहिलं, असं मला वाटलं.

त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. पाणी भरून झालं, मी आवरून निघालो, हेल्मेट काढलं. आक्कांचा उजवा तळवा गालावरून फिरला. डावा मात्र माझ्या खांद्यावर आपटून खाली घसरला. आवाज एकाच कानशिलावर झाला.

"आक्का, पुन्हा करा बरं."

"किती येळा करू? मला कामं न्हाईत व्हय?" जीभ जड झाली होती. त्या हसल्या, तर हसू एकाच गालावर आलं. मी त्यांच्या घरात हाक मारली.

त्यांची सून धावत आली. "समद्या गल्लीची नजर सोताच्या डोक्यावर घेत्यात, बाधल न्हाई तर काय!" असं म्हणत ती मीठ-मोहऱ्या आणायला वळली. शेजारणींनीही माना डोलावल्या. जरा पडू द्या, उतरेल. खरं सांगतो, रोज ज्याची दृष्ट निघत होती त्या मलाही ते क्षणभर पटलं.

"मीठ-मोहऱ्या रिक्षात ओवाळ," मी सुनेला म्हणालो, "पण आधी रिक्षा!"

तिनं खरंच मूठ घेऊनच रिक्षा गाठली. आक्का वाटभर भांडत होत्या, "मला काय झालंय? सोडा की मला." डावा हात मांडीवरून लोंबत होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?" सुनेला रडू आवरत नव्हतं. मी म्हणालो, "पाणी सुटलं तेव्हा. नळाची अलाबला घेतली त्यांनी. दोन्ही कानशिलं वाजली होती."

डॉक्टर सोलापूरचेच असावेत. पाणी किती वाजता सुटलं, एवढंच त्यांनी विचारलं. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं म्हणे. स्कॅन झाला, आणि आमची वेळ टळलेली नव्हती.

आक्का घरी आल्या. जीभ सुटली, चालू लागल्या. डावा हात तेवढा रुसला. व्यायामाला चेंडू मिळाला होता. "चेंडू खेळायचं वय हाय का माजं?" म्हणून त्यांनी तो कोनाड्यात टाकला. मग आम्हीच एकेक करून त्यांच्यापुढे गाल करून बसू लागलो. सूनही बसायची. डावा तळवा कधी हनुवटीला लागायचा, कधी माझा चष्मा पाडायचा. बोटं मात्र मोडायची नाहीत. आक्का त्या बोटांकडं अशा रागानं बघायच्या की मला भरून यायचं. चष्मा शोधायचं निमित्त बरं पडायचं.

सध्या त्या सांगोल्याला लेकीकडे राहायला गेल्यात. उंबरा रिकामा असतो. मी सवयीनं तिथं स्कूटर थांबवतो, हेल्मेट काढतो आणि खुळ्यासारखा पुन्हा घालतो.

परवा तिथंच फोन वाजला. ना नमस्कार ना चमत्कार, पलीकडून नुसतं कड्.

"ऐकलास का?"

"ऐकलं की आक्का."

"उजवा न्हवं बरं. ह्यो डावा हाय."