लिंबाच्या तेलाचा मागचा वास

सरोजिनी विजयकरांचं नाक मोडलं ते चिंचपोकळीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी, लिंबाच्या तेलावरून. कोणी विचारलं तर त्या आजही सांगतात, पहिला फटका मीच मारला.

बाई गिरगावच्या, पाठारे प्रभूंच्या घरातल्या. घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती. साऱ्या घराण्याचा राग बहुतेक या एकटीच्या वाट्याला आला. रसायनशास्त्र शिकून त्यांनी एकोणतीस वर्षं सुगंधी तेलं तपासली. कागदाची पट्टी बुडवायची, नाकाखाली धरायची आणि पहिला वास विरेपर्यंत थांबायचं. "पुढचा वास सगळेच दाखवतात," त्या म्हणायच्या, "माल कळतो तो मागच्या वासावरून." एकदा भेसळीचं लव्हेंडर त्यांनी व्यापाऱ्याच्या डोक्यावर ओतलं होतं.

शेडचा मालक विक्रांत मालिशची तेलं बनवायचा आणि बाई त्याच्याकडे माल तपासायच्या. त्याच्या आजोबांचं अत्तराचं दुकान होतं, त्यामुळे तेल जितकं जुनं तितकं चांगलं हे त्याच्या डोक्यात लहानपणीच बसलेलं. चंदनाच्या बाबतीत ते खरंही आहे, चंदन मुरतं. लिंबाच्या सालीचं तेल मात्र नासतं. पिंप अर्धं झालं की वरच्या पोकळीतली हवा त्यातल्या लिमोनीन नावाच्या वासाच्या द्रव्याला धरते, त्याची पेरॉक्साइडं होतात आणि तेच तेल कातडीवर उठतं. म्हणून उरलेलं तेल लगेच लहान डब्यांत काठोकाठ भरायचं, हा बाईंचा दंडक होता. पण ऐन उन्हाळ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्या दोन महिने घरी पडून होत्या, आणि विक्रांतने अर्धं पिंप मुद्दाम पत्र्याखाली मुरत ठेवलं.

बाई परतल्या तेव्हा बाटल्या भरणारी कमल कोपरापर्यंत सोलून निघाली होती. फोड फुटून बाह्या चिकटल्या होत्या.

"सायब म्हणाले, घामोळं असेल," कमल म्हणाली.

बाईंनी पट्टी बुडवली. पुढे लिंबू. मागे ओल्या ऑइलपेंटचा वास. परीक्षानळीत थेंबभर तेल, पोटॅशियम आयोडाइड आणि पिष्टाचं पाणी टाकलं, तर नळी निळीकाळी पडली, म्हणजे तेल पुरतं नासलं होतं. दाराशी खोक्यांत भरलेल्या दोनशे बाटल्या टेम्पोची वाट पाहत होत्या. त्या काळाचौकीच्या एका सूतिकागृहात चालल्या होत्या, बाळंतिणींच्या आणि तान्ह्या बाळांच्या अंगाला लावायला.

"विक्रांत, माल जाणार नाही."

"मॅडम, मुरलेलं तेल आहे. ते निळंबिळं मला दाखवू नका."

"कमलचे हात बघ."

"हिचं रोजचंच नाटक आहे," म्हणत त्याने कमलला सोललेल्या मनगटाला धरून बाजूला ढकललं. त्याच्या मुठीत कातडी आली. कमल किंचाळली.

बाईंचं डोकं फिरलं. पिंप उघडायचा लोखंडी पाना त्यांनी त्याच्या कोपरावर घातला आणि मग खोक्यांवर. काचा उडाल्या, तेल पायांखाली पसरलं. विक्रांतने त्यांचा अंबाडा धरून तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त तेलात मिसळलं. नव्या गुडघ्यावर रांगत, त्याच्या लाथा खात, बाई उरलेल्या बाटल्या पान्याने फोडत राहिल्या. शेवटी कमलने सोललेल्या हातांनी सारं पिंप त्याच्या अंगावर आडवं केलं. टेम्पो रिकामा गेला.

पोलीस आले, विक्रांतला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, नाक जुळेल, पण वासाच्या नसा तुटल्या आहेत. त्या दिवशी बाई ढसाढसा रडल्या. मार खाल्ल्याचं त्यांना काही नव्हतं. आयुष्यभर ज्याच्यावर जगल्या ते गेलं होतं.

महिन्याने कमल गिरगावात त्यांच्या घरी आली. हातांवर गुलाबी नवी कातडी, पिशवीत दुसऱ्या कारखान्यातल्या तेलाची कुपी. "तिथं लागलेय बाई. पण भीती वाटते. हे बघून द्याल?"

बाईंनी सवयीने पट्टी बुडवली, नाकाखाली धरली. बराच वेळ धरली. पाण्यात बुडवली असती तरी तेवढंच कळलं असतं. मग त्यांनी ती कमलच्या नाकाशी नेली.

"तू सांग. काय येतंय?"

"लिंबाचं साल."

"थांब. घाई करू नको. विरू दे." भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं गेली. "आता मागे?"

कमलने डोळे मिटून पुन्हा वास घेतला. "मागे काय नाय, बाई."

"मग चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "भर बाटल्या."