चिठ्ठीसरांचा लोंढा

चिठ्ठीसर कोणाचे बोलणे ऐकताना खिशात हात घालत. नवख्याला वाटे, आता सुपारी निघणार. निघायचा कागदाचा कपटा आणि बोटभर उरलेली पेन्सिल. जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या शाळेत आम्ही वीस वर्षे सोबत शिकवले. ते मराठी, मी इतिहास. तेवढ्या काळात मी जगातल्या बहुतेक गोष्टींवर मते बनवली. सरांनी एकाच शब्दाची चौकशी केली. तो शब्द लोंढा.

"भाषेत एवढे शब्द पडलेत, हाच का?" असे मी एकदा विचारले.

"लहानपणी लोंढ्यानं आमची शेळी नेली," सर म्हणाले. "म्हटलं, नेणारा कोण होता ते तरी कळावं."

या चौकशीचा त्यांचा एक नेम होता. अर्थ ज्याच्या तोंडून ऐकला, त्याचे नाव, काम आणि गाव चिठ्ठीखाली लिहायचे. मग पुन्हा त्याच माणसाकडे जायचे आणि चिठ्ठी वाचून दाखवायची. तो 'बराबर' म्हणाला तर चिठ्ठी कपाटात, नाही तर तिथेच फाडायची. जुन्या जालन्यात एका हमालाने ज्वारीचे पोते फाटल्यावर 'लोंढा आला' म्हटले होते. चिठ्ठी घेऊन सर परत गेले, तर तो लग्नाला गावी गेलेला. सर तीन रविवार खेपा घालत राहिले. शेवटी भेटला तेव्हा तो घाबरून म्हणाला, "सर, माझ्या हातून काही चूक झाली का?" त्याच्या बोलण्याची कोणी एवढी दखल घेईल, याची त्या बिचाऱ्याला सवय नव्हती.

सर्वांत जास्त चिठ्ठ्या फाडायला लावल्या त्या साळूबाईंनी. केदारखेड्याच्या बाजूला नदीकाठाने त्या मेंढरे चारत. सरांनी पहिल्यांदा लिहिले होते, 'लोंढा : पुराचे वेगाने येणारे पाणी.' मीही त्या दिवशी सोबत होतो. साळूबाईंनी ऐकले, एका मेंढराला हाकलले आणि म्हणाल्या, "मास्तर, येगानं तर तुमची फटफटी बी येती."

"मंग कसं लिहू, बाई?"

"पूर चढतो. पाहुण्यावाणी, पायरी पायरीनं. तवर माणूस चुलीवरचं उतरून घेतो. लोंढा चढत न्हाई. हितं कडक ऊन असतंय, मी मेंढरं पाजून राह्यलेली असते, पाऊस पडेल असतोय तिकडं वर. आधी मातीचा वास येतो. मंग आवाज. आवाज आल्यावर मेंढरं मोजत बसलं की संपलं."

सरांनी चिठ्ठी फाडली, नवी लिहिली, वाचली. 'आधी वास' हे राहिले होते म्हणून तीही फाडावी लागली. तिसरीला साळूबाई म्हणाल्या, "हां, आता बिलकुल बराबर. पर मास्तर, तुमाला दुसरं काई काम न्हाई का हो?" सर हे वाक्यही लिहिणार होते. मी अडवले.

अर्थांनी दोन खोके भरले. पाण्याचा लोंढा, मेंढरांचा, बाजारातून परतणाऱ्यांचा, शाळा सुटल्यावर आमच्याच पोरांचा. 'मूळ' या रकान्यात मात्र प्रत्येक चिठ्ठीवर दोनच शब्द : माहीत नाही. मी म्हणायचो, 'लोटणे' आणि 'लोट' तर शेजारीच उभे आहेत, घ्या की. सर म्हणत, "चेहरा मिळतो म्हणून कुणाला भाऊ लिहीत नसतात. कागद पाहिजे."

निवृत्तीनंतर सरांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी सांगितले, उरली आहे ती नजर वर्षभर टिकली तरी पुष्कळ. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितले : हे सगळे छापलेले एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे. जिल्ह्याच्या ठिकाणी एक साहित्य मंडळ होते. त्याच्या अध्यक्षसाहेबांनी छापायचे कबूलही केले. साहेबांच्या घरी सत्काराच्या शालींना स्वतंत्र कपाट होते, आणि सत्कार नसलेल्या दिवशीही त्यातली एक खांद्यावर असे.

हस्तलिखित चाळून साहेब म्हणाले, "मूळ माहीत नाही? असं छापलं तर लोक हसतील. हा शब्द वेदातल्या धातूपासून आलाय, लिहून टाका."

"कुठं आलाय, साहेब?"

"असणारच! त्याशिवाय शब्दाला प्रतिष्ठा कुठली?"

सरांचे वडील याच नदीकाठी दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि छप्पन साली बौद्ध झाले. प्रतिष्ठा कोण कुठून आणते, हे सरांना घरातूनच माहीत होते. ते शांतपणे म्हणाले, "शब्दाला बाप दाखवल्याशिवाय घरात घेत नाहीत का?"

साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली. ती ओळ नाही तर पुस्तक नाही. परतताना एसटीत मीच सरांना म्हणालो, "एका ओळीचा प्रश्न आहे. लिहा आणि डोळे आहेत तोवर पुस्तक बघा." सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यांना किती दिसत होते कोण जाणे.

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. सरांनी खरेच ओळ लिहिली होती. मी सुस्कारा सोडला. मग त्यांनी चिठ्ठी डोळ्यांना जवळजवळ चिकटवली आणि नेमाप्रमाणे वाचून दाखवली. "लोंढा. मूळ : वेदातील धातू. पुरावा : नाही. सांगणार : अध्यक्षसाहेब, राहणार जालना. बराबर आहे का, साहेब?"

साहेबांची शाल घसरली. "माझं नाव कशाला?"

"प्रत्येकाचं आहे. हमालाचं आहे, साळूबाईंचं आहे. नाव लावायला कुणीच नाही म्हणालं नाही."

"ते काढा."

"मग ओळही काढावी लागेल."

ओळ निघाली. पुस्तकही निघाले, मंडळाच्या यादीतून. बाहेर येऊन सर रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायले. मी चिडलो होतो, ते नव्हते.

त्यानंतरची दीड वर्षे छापणारा शोधण्यात गेली. शेवटी जुन्या जालन्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पुस्तक छापले. त्याच्याकडे दुसरा कागद नव्हता, म्हणून मुखपृष्ठाला पत्रिकेचा गुलाबी कागद लागला. मी पहिली प्रत घेऊन सरांकडे गेलो, तेव्हा त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. त्यांनी पुस्तक हातात घेतले, वास घेतला, पानांवरून सावकाश बोटे फिरवली.

"'मूळ'पुढं काय छापलं?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही, असंच. आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्यात. पुढं कुणाला सापडलं तर लिहायला."

सरांनी पुस्तक मिटले. मग म्हणाले, "चार सोडायच्या होत्या. सांगणाऱ्याचं नावही लागेल ना."