कातडं तुझं

"ओढून ने. कातडं तुझं."

साहेब हे बोलले तेव्हा मी दात घासत होतो. कलकत्त्यात भवानीपूरला त्यांच्या घरामागचं अंगण. सकाळची वेळ. गोठ्याच्या दारात त्यांची गाय चंद्री चारी पाय ताणून पडलेली. पोट टम्म फुगलेलं, डोळ्यांवर माश्या. साहेबांनी एक दोर आणला आणि माझ्या पायाशी टाकला. हातात दिला नाही. टाकला.

मी जनावरांच्या डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षा तोंडावर आली होती. आणि मला दोर.

लोक आजही म्हणतात, काही म्हण बाबा, त्या माणसानं तुला आसरा दिला. दिला ना. मी कुठं नाही म्हणतो? कुठं दिला, कसा दिला, तेवढं ऐका.

माझे बाबा नागपूरकडचे. गावात मेलेलं ढोर ओढायचं काम महारवाड्याचं. ओढायचं, सोलायचं, बदल्यात कातडं आपलं. बाबांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या तरुणांनी एके दिवशी गावाला सांगितलं, आता ओढणार नाही. झालं. वाण्यानं मीठ देणं बंद केलं. शेतावर कोणी उभं करीना. विहीर तर आधीपासून बंदच होती. बाबा आईला घेऊन कलकत्त्याला आले आणि गार्डन रीचला रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार, झाले. मी तिथल्याच एका खोलीत वाढलो. मी मॅट्रिक झालो तेव्हा बाबा म्हणाले, "मेलेलं लय ओढलं आपल्या लोकायनं. तू जितं ठेव."

म्हणून मी हे शिक्षण घेतलं. मला दुसरं काही मिळालं नाही म्हणून नव्हे.

कॉलेजात जामीन म्हणून कोणी भारदस्त माणूस हवा असं आम्हाला सांगण्यात आलं. खलाशाचा जामीन कोण घेतो? आम्हीही ते खरं मानलं, हेच आमचं चुकलं. रेल्वेतले एक मोठे मराठी अधिकारी पुढं झाले. तेच हे साहेब. त्यांनी जामीन दिला आणि राहायला गोठ्यालगतची गोवऱ्या ठेवायची खोली दिली. त्या वर्षांत कलकत्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सियालदहच्या फलाटावर फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली माणसं चुली मांडून बसली होती. मला छप्पर मिळालं, मी हात जोडले.

शेण माझं, दूध त्यांचं. सडाला हात लावायचा नाही, चाऱ्याला लावायचा नाही. शेण काढताना मी चंद्रीच्या शेपटीखाली दोन बोटं ठेवून तिची नाडी मोजायचो. आमच्या कॉलेजात गाईची नाडी तशीच बघायला शिकवत. ती शेपटी हलवायची नाही. त्या अख्ख्या घरात माझ्या हाताचा तिटकारा नसलेली ती एकटीच.

घरी कोणी आलं की साहेब मला हाक मारायचे. "हा आपला हरिजन विद्यार्थी. आपण शिकवतोय याला." आपण! पाहुणे माझ्याकडं बघून मान डोलवायचे. मी अंगणात उभा, ते ओसरीवर. मग मी जायचो. कॉलेजात काय शिकवतात, हे एकानंही कधी विचारलं नाही.

त्या वर्षी पाडव्याला कलकत्त्यातली बरीच मराठी कुटुंबं साहेबांकडं जेवायला जमली. पुरणपोळीचा बेत होता. जेवणाआधी गोग्रास. आता गावाकडं घरोघरी गाय असते, ज्याचा त्याचा घास ज्याच्या त्याच्या दारात. इथं गाय एकच, साहेबांची. प्रत्येक घरच्या बाईला पुण्य हवं. एकेक पान येतंय, भात, वरण, तूप, वर दोन पुरणपोळ्या. चंद्री खातेय. खाणारच, तिला काय कळतं? पाटीभर अन्न गेलं तिच्या पोटात. वर कुणी परातभर उरलेला भातही ओतला.

मला राहवेना म्हणून मी पुढं झालो. "बाईसाहेब, आता पुरे करा. एवढं शिजलेलं अन्न तिला सोसायचं नाही."

बाईसाहेब हसल्या. "गोग्रासाला पुरे म्हणतात का रे? तुम्हा लोकांना काय कळायचं त्यातलं!"

सगळी ओसरी हसली. साहेबांचा पुतण्या वसंत माझ्याच वर्गात होता. माणसांच्या डॉक्टरीत त्याला जागा मिळाली नव्हती. जे मला ठाऊक होतं ते त्यालाही ठाऊक होतं. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी चंद्रीचं रवंथ थांबलं. डावी कूस फुगत चालली. ती कण्हत होती, दात खात होती. मी गोठ्यात पाऊल टाकलं तर बाईसाहेब आडव्या आल्या. "तू लांबच राहा. आजारी जनावराला विटाळ नको."

वसंतला आत घेतलं. त्यानं ओवा-हिंग पाजलं. मी दाराबाहेरून सांगत होतो, "वसंता, नळी घाल, पोट मोकळं कर. नाहीतर कॉलेजातून सरांना आण."

"काकू गाईच्या तोंडात रबर घालू देत नाही रे," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

ती वाचली असती का? छातीठोक नाही सांगत. मला हात लावू दिला नाही, हे मात्र छातीठोक सांगतो. रात्रभर भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकलं. पहाटे ते थांबलं.

आणि आता दोर. जिवंत होती तेव्हा माझ्या हाताचा विटाळ. मेली, की कातडं माझं.

मी चूळ भरली. म्हणालो, "साहेब, कॉर्पोरेशनला कळवा. गाडी येते."

"येईल संध्याकाळी! दुपारी घरात माणसं येणार आहेत. आणि तुमचंच काम ना हे? त्यात लाज कसली?"

वसंत ओसरीवर उभा होता. मी त्याच्याकडं बोट केलं. "तोही डॉक्टर होणार आहे, साहेब. दोराचं दुसरं टोक त्याला द्या."

वसंत दोन पावलं मागं सरकला.

"तोंड सांभाळ," साहेब म्हणाले. "कुणाच्या छपराखाली उभा आहेस?"

मी घाबरलो होतो. खोटं कशाला बोलू? छप्पर जाणार, जामीन जाणार, चार वर्षांची मेहनत जाणार, सगळं दिसत होतं. गावच्या चावडीपुढं उभे राहिलेले बाबाही दिसत होते.

"मी ओढणार नाही," मी म्हणालो. "हात लावीन, पण सुरी घेऊन. पोट उघडतो. ती कशानं मेली ते सगळ्यांसमोर दाखवतो. पुरण निघेल आतून."

बाईसाहेबांनी कानांवर हात ठेवले. "शिव शिव! गाईला चिरणार? आमच्या अंगणात?"

"बाईसाहेब, मग कातडं काय फुंकर मारून निघतं?"

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. हात उगारला आणि तसाच राहिला. मला मारायचं तर मला शिवावं लागलं असतं ना! "चालता हो," ते म्हणाले. "प्रिन्सिपॉलना कळवतो. तुझी माझ्यावरची जबाबदारी संपली."

मी दोर ओलांडला आणि खोलीतून ट्रंक उचलली. जाताना चंद्रीच्या कपाळावर हात ठेवला. कुणी अडवलं नाही. आता विटाळ कुणाला होणार होता?

गार्डन रीचला पोचलो तेव्हा बाबा पाळी संपवून जेवायला बसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"वढली का तू?"

"नाही."

"मंग बस. जेव."

दुसऱ्या दिवशी ते कामाचेच कपडे घालून माझ्याबरोबर कॉलेजात आले, तेलाच्या डागांसकट. प्रिन्सिपॉलांपुढं ताठ उभे राहिले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "इसका बाप मैं हूँ. जामीन भी मैं."

प्रिन्सिपॉलांनी जामिनाच्या कागदावर बाबांचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "ठीक है." एवढंच. चार वर्षं ज्यासाठी मी गोवऱ्यांत झोपलो ते एवढंच होतं. मला त्या क्षणी आनंद नाही झाला. संताप झाला. अजून आहे.

परीक्षा दिली, पास झालो. आता माझ्याकडं पोरं राहतात. आमच्या वस्तीतली, चामडं कमावणाऱ्यांची, डोंबांची. दोन मुलीही आहेत. सगळ्यांना हेच शिकायचंय. माझ्या घरात गोवऱ्यांची खोली नाही. पाहुणे आले की मी कुणाला हाक मारून दाखवत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना जिवंत गाईपुढं नेतो, तिच्या शेपटीखाली त्यांची बोटं ठेवतो, आणि म्हणतो, सगळ्या गावाला सांगून ठेवा: जनावर जिवंत आहे तोवर आम्हाला बोलवा. मेल्यावर आम्ही एकाच कामाला येऊ. ते कुणी मारलं, हे सांगायला.